बिअर कारखान्यातला यीस्टचा गाळ फळमाशीच्या आमिषाला चालतो का?

भाऊ, चालतो. पण कच्चा नको.

तुम्ही म्हणता, सापळे माश्यांनी भरतात तरी पेरूत अळ्या निघतात. कारण सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या रसायनाच्या वासाला फक्त नर येतात. फळाला सुईसारखं भोक पाडून अंडी घालते ती मादी. अंडी पिकायला तिला प्रथिनं लागतात, आणि यीस्टमध्ये ती भरपूर असतात. टोंगा आणि व्हिएतनाममध्ये बिअर कारखान्याच्या गाळापासूनच आमिष तयार झालं आहे. तिथे गाळ तापवून आधी त्यातली दारू उडवतात, मग आतली प्रथिनं मोकळी व्हावीत म्हणून पपेन घालून यीस्टच्या पेशी फोडतात. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम). आपल्या शहाद्याकडे पपईच पपई, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते!

घरी मात्र पेशी नीट फुटल्या की नाही ते कळत नाही, त्यामुळे तयार प्रोटीन हायड्रोलायझेट, म्हणजे प्रथिनं आधीच फोडलेलं आमिष, घ्या. त्यात मिसळायचं कीटकनाशक आणि त्याचं प्रमाण लेबलप्रमाणेच. पूर्ण झाड भिजवू नका. पानांच्या खालच्या बाजूला थोडा फवारा, दर आठवड्याला. पाऊस पडला तर पुन्हा. गिलकी-कारल्याच्या मळ्याला कडेने मका लावून त्यावर फवारा, माश्या तिथे बसतात. तिथली माशी वेगळी, म्हणून नरांसाठी सापळ्यात मिथाइल युजेनॉलऐवजी क्यू-ल्युअर हे वासाचं आमिष लागतं.

आणि गळालेली फळं रोज वेचा. बांधावर फेकू नका, अळी तिथेच मातीत उतरून कोषात जाते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. शेजाऱ्यालाही सोबत घ्या, माशी बांध ओळखत नाही.