धडक पचवणाऱ्या नळीत ताग कशासाठी?

प्रश्न : मोटारीच्या दाराच्या आतल्या अस्तराला ताग किंवा अंबाडीचे तंतू वापरतात, हे ठाऊक होते. आता धडक झेलणाऱ्या भागांतही काच वा कार्बनच्या तंतूंबरोबर असे तंतू मिसळून पाहत आहेत, असे वाचनात आले. मुळात कमी ताकदीचा तंतू मिसळल्यावर तो भाग दुबळा होणार नाही का?

उत्तर : ताणून तोडण्याच्या कसोटीवर बहुधा होईल. धडकेची कसोटी मात्र वेगळी आहे. १,००० किलोची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. पुढचा भाग अर्धा मीटर चुरडून ती थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाच्या सरासरी वीसपट मंदन सोसावे लागते. भाग चुरडलाच नाही, तर हा आकडा किती तरी वाढतो. म्हणून तो भाग न मोडणे अपेक्षितच नसते. तो एकसारखा जोर देत, सावकाश मोडत जावा लागतो.

प्रयोगशाळेत संमिश्राची, म्हणजे राळेत तंतूंचे थर बसवून केलेल्या पदार्थाची, नळी उभी ठेवून दाबतात, तेव्हा हे डोळ्यांना दिसते. नळीचे एक टोक आधीच तिरपे तासलेले असते, त्यामुळे मोडण्याची सुरुवात तिथूनच होते. भार एका शिखरापर्यंत चढतो, थोडा उतरतो आणि मग बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो. तेवढ्यात नळीची भिंत उभी चिरून तिच्या पाकळ्या आतबाहेर वळतात आणि खाली भुगा साचतो. थर सुटणे, राळ तडकणे, तंतू तुटणे आणि या साऱ्यांचे आपसातले घर्षण यांत ऊर्जा खर्च होते, आणि घर्षणाचा वाटा वाटतो त्याहून बराच मोठा असतो. टोक तासलेले नसेल, तर तीच नळी शिखरभारानंतर मधोमध काडकन मोडू शकते, आणि मग तंतूच्या ताकदीचा काही उपयोग होत नाही.

मिश्रणाचा फायदा इथे दिसतो. कार्बनचा तंतू सुमारे दीड टक्का ताणला की तुटतो. फ्लॅक्स, म्हणजे जवसाच्या खोडाचा तंतू, साधारण दोन-तीन टक्के ताण सोसतो आणि तुटलेल्या तुकड्यांना काही काळ धरून ठेवू शकतो. शिवाय काचेची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर ताग आणि फ्लॅक्सची साधारण १.५ ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे दर किलोमागे पचवलेली ऊर्जा मोजली की या तंतूंची बाजू पुष्कळ सावरते.

माझ्या मते खरी मेख थरांच्या क्रमात आहे. थर तितकेच ठेवून केवळ क्रम बदलला, तरी नळी वेगळ्या रीतीने मोडू शकते. दोन भिन्न थरांमधला सांधा थोडा सुटला तर ऊर्जा खर्च होते. फार सुटला तर अख्खे थर न तुटताच सोलून निघतात. काचेचे थर बाहेर आणि वनस्पतिज तंतूंचे आत ठेवण्याला एक कारण आहे, ते म्हणजे पाणी. वनस्पतिज तंतूतला सेल्युलोज पाणी ओढतो, तंतू फुगतो, वाळला की आक्रसतो आणि राळेवरची त्याची पकड सैल होते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात तंतू धुऊन घेतल्यास ही पकड सुधारते, पण द्रावण तीव्र झाले की तंतूच खराब होतो.

एका अडचणीला मात्र असा उपाय नाही. काचेचा तंतू ठरलेल्या जाडीचा ओढता येतो. तागाची जाडी एकाच तंतूत जागोजागी बदलते आणि एका पिकाचा तंतू दुसऱ्या पिकासारखा नसतो. त्यामुळे रचनाकाराला चाचण्यांमधल्या सरासरीवर विसंबता येत नाही, सर्वांत वाईट नळीचा आकडा धरून चालावे लागते.