घरचं बीपी, दवाखान्यातलं बीपी

या वेळी रक्तदाबाची पत्रं इतकी आली की केस गळण्याचे आणि टाचदुखीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. त्या वाचकांनी रागावू नये.

प्रश्न (इचलकरंजी, पुरुष, वय ४७) : माझा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. विम्याच्या तपासणीत बीपी १५२/९४ निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू करा म्हणून सांगितलं. मला तर काहीच त्रास नाही. म्हणून मशीन विकत आणलं. घरी १२६ पासून १३८ पर्यंत येतं, एकदा १५८ आलं. आई म्हणते, वय अधिक शंभर एवढं चालतं. पुण्याचा मेहुणा म्हणतो, १३० च्या वर गेलं की बीपीच. सोबत वहीतल्या नोंदी पाठवतोय. कोणाचं खरं धरू?

उत्तर : आधी तुमच्या आईंचं. वय अधिक शंभर हा हिशेब एके काळी डॉक्टरही सांगायचे, त्यामुळे त्यांना दोष नाही. पण त्या हिशेबाने ऐंशीच्या आजोबांचं १८० सुद्धा ठीक ठरतं, आणि तसे ठीक ठरवलेले आजोबा मी लकवा मारल्यावर पाहिले आहेत. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठ होतात, म्हणून वरचा आकडा चढतो हे खरं. सगळ्यांचाच चढतो म्हणून तो निरुपद्रवी मात्र होत नाही.

मेहुण्यांचं म्हणणं अमेरिकेत बरोबर आहे. २०१७ साली तिथल्या हृदयरोगाच्या संस्थांनी रेघ १३०/८० वर आणली. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर आणि सरकारी आरोग्य केंद्रं अजून १४०/९० धरून चालतात, मीही तेच धरते. खरं सांगायचं तर शरीराला अशी रेघ ठाऊक नसते. वरचं ११५ च्या पुढे गेलं की धोका थोडा थोडा वाढतच जातो. गोळी कुठून सुरू करायची हे ठरवायला माणसांनी रेघ मारली आहे. माझ्या दवाखान्यात १२०/८० च्या आतल्या माणसाला मी लगेच मोकळं करते. वरचं १३० ते १३९ किंवा खालचं ८० ते ८९ असेल तर त्याला काठावरचा म्हणते आणि मीठ, पोट, तंबाखू, दारू यांवर त्याचं डोकं खाते. सहसा गोळी लिहीत नाही. मधुमेह असेल, किडनी खराब असेल किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हिशेब वेगळा, तिथे मी काठावरही थांबत नाही. आणि दोन आकड्यांपैकी एक जरी वर असला तरी तो मोजायचा. ‘१३६/९६ आहे, म्हणजे वरचं तर ठीक आहे ना?’ असं विचारणारे बरेच असतात. नाही, ठीक नाही. चाळिशीत तर बऱ्याचदा खालचंच आधी वाढतं.

आता तुमची वही. ती मी दोनदा वाचली. १५८ पुढे तुम्ही प्रामाणिकपणे ‘जॉबरशी (म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी) वाद झाल्यावर’ असं लिहिलंय. एका ठिकाणी ‘चहा घेऊन’, एका ठिकाणी ‘वरच्या मजल्यावरून येऊन’. रविवारचे आकडे छान आहेत, कारण रविवारी वीज बंद आणि माग बंद. या यादीवरून मी गोळी सुरू करायलाही सांगणार नाही आणि नको असंही म्हणणार नाही. ही यादी तुमच्या दिवसाची आहे, बीपीची नाही.

परत मोजा, पण असं. सात दिवस, सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन, चहा, तंबाखू आणि नाश्ता यांच्या आधी. आणि रात्री जेवणाआधी. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा. कॉटवर पाय लोंबकळत नकोत, पायावर पाय नको, दोन्ही तळवे फरशीवर. पाच मिनिटं नुसतं बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शर्टाच्या बाहीवर पट्टा बांधू नका. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मशीन चालू असताना बोलायचं नाही. घरचे ‘किती आलं, किती आलं’ विचारत उभे राहिले तर त्यांनाही बाहेर पाठवा, कारण उत्तर देताना आकडा सहज दहाने चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. आवडला नाही म्हणून तिसऱ्यांदा मोजायचं नाही. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरा. फरक १५ पेक्षा जास्त असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आणखी एक. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. तुम्ही वजन ९४ लिहिलंय, म्हणून टेपने दंड मोजा. पट्टा तोकडा पडला तर बीपी उगाचच दहा-वीसने जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो. मनगटावरचं मशीन मात्र घेऊ नका.

सात दिवस झाले की पहिला दिवस खोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरची रेघ दवाखान्यापेक्षा थोडी खाली असते, १३५/८५. सरासरी तेवढी किंवा त्याहून वर आली तर विम्याचे डॉक्टर बरोबर होते. गोळी घ्या, सोबत लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), साखर आणि ईसीजी करून घ्या. खाली आली तर तुमचं बीपी डॉक्टरांचा पांढरा कोट बघून चढणाऱ्यांपैकी आहे. त्यांना लगेच औषध लागत नाही, पण पुढे खरोखरच बीपी होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा हाच आठवडा करायचा. याच्या उलटही लोक असतात, दवाखान्यात १२८ आणि घरी, कामावर १४५. मला त्यांची काळजी जास्त वाटते, कारण ते कोणाच्या नजरेलाच येत नाहीत. आणि ‘काही त्रास नाही’ हे वाक्य बीपीच्या बाबतीत कुठल्याच बाजूने पुरावा नाही. १७० घेऊन हसत-खेळत फिरणारी माणसं रोज येतात.

प्रश्न (सांगोला, महिला) : वहिनीला सातवा महिना चालू आहे. आधी बीपी ११० च्या आसपास असायचं, आता १४४/९२ आलंय. चेहरा सुजलाय, डोकं दुखतं. आई म्हणते, या दिवसांत सूज येतेच, रविवारी डोहाळजेवण उरकलं की दाखवू.

उत्तर : अंक निघायला वेळ लागतो, म्हणून पत्र वाचल्याबरोबर संपादकांना तुम्हाला फोन करायला सांगितलं आणि तुम्ही त्याच दिवशी वहिनींना नेलंत. हे बाकीच्यांसाठी. पाचव्या महिन्यानंतर १४०/९० किंवा वर गेलं, तर त्याच दिवशी दाखवायचं आणि लघवीतली प्रथिनं तपासायची. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बेंबीच्या वर दुखणं किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर थेट प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. १६०/११० असेल तर काही लक्षण नसलं तरी तेच. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. अशा बीपीतून झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. डोहाळजेवण झालं नाही म्हणून कोणाचं काही बिघडलेलं नाही. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन आणि त्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बदलून घ्याव्या लागतात.

प्रश्न (गुहागर, महिला) : सासरे ७२ वर्षांचे आहेत. अॅम्लोडिपिन चालू होती. बीपी १२४/७८ आलं, तेव्हा ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून त्यांनी गोळी सोडली. पायांवर सूज येते, तीही गोळीनेच म्हणतात. आता सकाळी लसूण खातात आणि जेवणात सैंधव वापरतात. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणे, मग लावावीच का?

उत्तर : १२४/७८ हे गोळीचं काम होतं, अण्णांचं नव्हे. त्यांना अण्णा म्हणत असाल असं मी धरून चालले. महिनाभर गोळीशिवाय वर सांगितल्यासारखं मोजा आणि वही त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्याच मशीनचं ते ऐकतील. मात्र आकडा १६० च्या वर राहू लागला तर महिना संपायची वाट बघू नका. गोळी सुटत नाही हे कारण मला कधी कळलेलं नाही. चष्माही सुटत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं की काहींची मात्रा कमी होते, क्वचित बंदही होते. ते डॉक्टरांबरोबर ठरवायचं.

सुजेबद्दल त्यांचं बरोबर आहे. अॅम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते. ती धोक्याची नसते, पण माणूस वैतागतो. त्यावर मात्रा कमी करून दुसरी गोळी जोडता येते किंवा औषधच बदलता येतं. हे न विचारता लोक गोळी सोडतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. मात्र एकाच पायाला सूज किंवा सोबत धाप असेल तर कारण वेगळं असू शकतं, तपासून घ्या.

लसूण खाऊ द्या, चटणीत जास्त चांगला लागतो. सैंधव हेही मीठच, रंग बदलला म्हणून सोडियम जात नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ पुरे. तुमच्याकडे ते आमटीतून कमी आणि सुकट, खारवलेली मासळी, पापड, लोणचं यांतून जास्त जातं. ‘कमी सोडियमचं’ मीठ आणाल तर आधी किडनीची तपासणी करा, कारण त्यात पोटॅशियम असतं. आणि एक विचारायचं राहिलं : गुडघ्यांसाठी मेडिकलमधून काही आणून घेतात का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो.

रात्री उठताना चक्कर येत असेल तर बसून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचं २० ने घसरलं तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि कधी १८०/१२० दिसलं तर जिभेखाली गोळी ठेवण्याचा जुना उपाय करू नका, बीपी धाडकन पडून लकवा होऊ शकतो. शांत बसवून पुन्हा मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं, बोबडं बोलणं, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर मोजत बसू नका, १०८.

प्रश्न (नाशिक, विद्यार्थिनी, वय २०) : कॉलेजच्या शिबिरात ९८/६२ आलं. होस्टेलमधल्या मैत्रिणी रोज मीठ-साखरेचं पाणी पाजतात. लो बीपीवर कायमचा उपाय सांगा.

उत्तर : चक्कर नाही, भोवळ नाही, जिने चढता येतात? मग हे बीपी झकास आहे. मैत्रिणींना थांबवा. थकवा जाणवत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, तुमच्या वयाच्या मुलींत दोष बहुतेक वेळा तिथे सापडतो. आणि सकाळी न खाता लेक्चरला पळू नका.