लेन्सची ओळख आणि कॅमेऱ्याचा विश्वास : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लेन्स बदलली की कॅमेऱ्याला ती कोणती आहे हे लगेच कसे कळते?

उत्तर : काचेकडे पाहून कॅमेऱ्याला काहीही कळत नाही. लेन्स स्वतःची ओळख सांगते आणि कॅमेरा ती खरी मानून चालतो. लेन्स काढून तिची मागची बाजू उजेडात धरा. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात बसते त्या कड्याच्या, आतल्या कडेला सोनेरी ठिपक्यांची एक ओळ दिसेल. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला, तेव्हा फोकस आणि अपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) या दोहोंच्या मोटारी लेन्समध्येच बसवल्या आणि बॉडीशी, म्हणजे लेन्सखेरीजच्या कॅमेऱ्याशी, होणारा सारा व्यवहार अशा विद्युत संपर्कांवर सोपवला. आज त्याच वाटेने लेन्सचा ओळख-क्रमांक, झूमची त्या क्षणीची फोकल लेंग्थ (दृश्य किती जवळ दिसेल हे ठरवणारा मिलिमीटरमधला आकडा), अपर्चर आणि बहुतेक वेळा फोकसचे अंतरही बॉडीकडे जाते. त्यानुसार कॅमेरा त्या लेन्सच्या दोषांचा साठवलेला तक्ता उघडतो आणि कोपऱ्यांतला काळोख, रेषांचा बाक आणि कडांवरची रंगीत किनार दुरुस्त करतो.

प्रश्न : माझ्याकडे लायका एम८ आहे आणि फोर्टातल्या एका दुकानातून घेतलेली जुनी २८ मिमी लेन्स आहे. तिच्या माउंटवर काळ्या मार्करने ठिपके काढण्याचा सल्ला मला मिळाला आहे. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. लायकाचा एम माउंट १९५४ सालचा आणि निव्वळ यांत्रिक. त्यात विजेचा एकही संपर्क नाही. २००६ मध्ये एम८ हा डिजिटल कॅमेरा आला, तेव्हा जुन्या लेन्स बाद न करता त्या ओळखायच्या कशा, असा पेच पडला. तोडगा असा निघाला की लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर सहा ठिपक्यांच्या जागा ठेवायच्या, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा रंगवायचा आणि बॉडीतल्या प्रकाशीय वाचकाने तो वाचायचा. सहा जागा म्हणजे ६४ संकेत.

हा खटाटोप एम८च्या बाबतीत अंमळ जास्तच गरजेचा होता. या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची (चित्र टिपणाऱ्या भागापुढची) काच मुद्दाम पातळ ठेवलेली असल्याने तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश झिरपतो आणि कृत्रिम धाग्याचा काळा कोट जांभळट दिसतो. त्यावर उपाय म्हणून लेन्सच्या तोंडाशी अवरक्त किरण परतवणारा फिल्टर लावतात; पण असा फिल्टर तिरप्या किरणांसाठी आपली सीमा लाल रंगाकडे सरकवतो, म्हणून वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत लाल कमी पडून निळसर-हिरवी झाक येते. ती झाक किती, हे लेन्सगणिक बदलते, म्हणून लेन्स कोणती हे कळल्याशिवाय ती काढता येत नाही. मेनूमध्ये लेन्सची ओळख ‘फिल्टरसह’ या पर्यायावर ठेवायला विसरू नका. फिल्टर लावून हा पर्याय बंद ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

मार्करची शाई प्रत्येक वेळी लेन्स फिरवताना घासली जाते, त्यामुळे अधूनमधून ठिपके पुन्हा काढावे लागतील. संकेत मात्र प्रकाशीय रचनेने तुमच्या लेन्सच्या सर्वांत जवळच्या लेन्सचा निवडा. केवळ आकडा २८ जुळला म्हणजे झाले असे नाही. गंमत म्हणजे अपर्चरचा आकडाही या कॅमेऱ्यांना कोणी सांगत नाही. बॉडीवरचा छोटा प्रकाशमापक आणि लेन्समधून आलेला प्रकाश यांची तुलना करून ते तो अंदाजाने काढतात, म्हणून फोटोच्या माहितीत कधी कधी भलताच आकडा नोंदलेला आढळतो. २००९ च्या एम९ मध्ये लेन्स मेनूतूनही निवडता येते. एम८मध्ये ती सोय नाही.

प्रश्न : दुसऱ्या कंपनीची लेन्स लावल्यावर एकरंगी आकाशात विचित्र वर्तुळे दिसतात. लेन्स खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. माउंटच्या मूळ उत्पादकाकडून स्वतंत्र क्रमांक न मिळाल्याने काही लेन्स आधीच वापरात असलेला क्रमांक सांगतात. कॅमेरा त्या क्रमांकाचा, म्हणजे परक्याच लेन्सचा, तक्ता काढतो आणि नसलेला दोष दुरुस्त करू लागतो. बॉडीतल्या सर्व दुरुस्त्या बंद करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. वर्तुळे गेली, तर लेन्स निर्दोष आहे. मग दुरुस्ती संगणकावर त्याच लेन्सच्या प्रोफाइलने करावी.

प्रश्न : रॉ फाइलमध्येही (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीतही) ही दुरुस्ती असते का? आणि अशा दुरुस्तीच्या भरवशावरची लेन्स विकणे ही फसवणूक नाही का?

उत्तर : रॉमध्ये चित्र मूळचेच राहते, पण दुरुस्तीचे आकडे सोबत नोंदवलेले असू शकतात. २००८ मध्ये आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स या कॅमेरा-लेन्स पद्धतीत ते लेन्समधूनच येतात आणि रॉ उघडणारी बरीच सॉफ्टवेअर ते न विचारता लागू करतात. याला मी फसवणूक म्हणणार नाही. बाकाची काळजी आकड्यांवर सोपवल्यामुळेच लेन्स लहान आणि स्वस्त होते. फुकट मात्र काही नसते. कोपरे ताणले की तिथला तपशील पातळ होतो, आणि दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) काळोख उजळायचा म्हणजे तिथला प्रकाश चौपट करायचा. त्याबरोबर रवाही, म्हणजे चित्रातला दाणेदारपणाही, वाढतो. रात्रीच्या ताऱ्यांच्या फोटोत हे लगेच डोळ्यांत येते.

प्रश्न : जुनी मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टरने (जोडकड्याने) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर लावली आहे. काही भरावे लागते का?

उत्तर : बॉडीत हाताचा कंप भरून काढण्यासाठी सेन्सर हलवणारे स्थिरीकरण असेल, तर मेनूमध्ये लेन्सची खरी फोकल लेंग्थ भरा. ५० मिमी लेन्स लावून १३५ भरली, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलेल आणि स्थिरीकरण बंद असताना आला असता त्याहून अधिक हललेला फोटो येऊ शकेल. जुन्या झूमसाठी हा आकडा प्रत्येक झूमनंतर बदलावा लागतो. कंटाळा येत असेल तर स्थिरीकरण बंद ठेवून ट्रायपॉड वापरा.