सूर बरोबर, तरी वादन सपाट का?

प्रश्न : मी काही वर्षे व्हायोलिन शिकत आहे. सूर आणि लय सांभाळली जाते, तरीही ऐकणाऱ्यांना माझे वादन सपाट वाटते. शिक्षक म्हणतात, ‘वाद्यातून बोला.’ त्यासाठी नेमके काय करावे?

उत्तर : आपल्या शिक्षकांचा सल्ला शब्दशः घ्यावा. जर्मन बासरीवादक योहान योआखिम क्वांट्झ यांनी १७५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बासरीविषयक ग्रंथात वादकाची तुलना वक्त्याशी केली होती, आणि फुंकताना जिभेने ‘ति’, ‘दि’, ‘रि’ ही अक्षरे कुठे योजावीत, हेही सविस्तर सांगितले होते. सतारीतील गायकी अंगामागेही, म्हणजे गळ्यातून गावे तसे वाजवण्याच्या शैलीमागेही, हीच दृष्टी आहे.

‘तो काल आला’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. भर ‘तो’वर दिला तर दुसरा कोणी नव्हे, असे कळते, ‘काल’वर दिला तर आज नव्हे, असे कळते, तिन्ही शब्दांवर सारखाच भर दिला तर वाक्य शुद्ध असूनही बोलणाऱ्याला काय सांगायचे आहे ते कळत नाही. सपाट वादनात बहुधा हेच घडते. म्हणून एकच ओळ घ्या, वाद्य बाजूला ठेवून ती गा, आणि आवाज आपोआप कोणत्या स्वराकडे झुकतो ते पाहून त्या स्वरावर पेन्सिलीने खूण करा. मग वाजवताना त्या स्वराला गजाचा, म्हणजे तारांवर फिरवायच्या बोचा, वेग आणि वजन द्या, बाकीचे स्वर हलके ठेवा आणि ओळीचा शेवटचा स्वर, बोलताना शेवटचे अक्षर उतरते तसा, गज थांबण्यापूर्वीच सैल सोडा.

स्वराचा आरंभ हे व्यंजन समजा. ‘त’सारखा आरंभ हवा असेल तर गज तारेवर क्षणभर टेकवून, किंचित दाबून मग सोडावा लागतो, ‘म’साठी तो हलका ठेवून, सरकतानाच तारेला लागू द्यावा. हा फरक एकाच स्वरावर, रिकाम्या (बोट न ठेवलेल्या) तारेवर, कानाला स्पष्ट होईपर्यंत घोटावा. गजाला श्वास लागत नाही, त्यामुळे व्हायोलिनवादक दोन ओळींमध्ये थांबायला विसरतो. थांबण्याची ती जागा आधीच्या स्वरातून थोडी कापून घ्यावी, म्हणजे लय ढळत नाही.

प्रत्येक स्वरावर सारखाच कंप (तारेवरचे बोट हलवून स्वर थरथरवणे) देण्याची सवय असेल, तर माझ्या मते ती आधी सोडावी, कारण तिने प्रत्येक स्वर तितकाच महत्त्वाचा ठरतो आणि खूण केलेला स्वर त्यात बुडून जातो. काही दिवस कंप फक्त त्या एका स्वरापुरता राखून तीच ओळ ध्वनिमुद्रित करावी, आणि ऐकताना तो स्वर खुणेशिवाय ओळखता येतो का, ते पाहावे.