बेसबॉल संघ परदेशातून स्वस्तात खेळाडू घेऊन राखीव फळी भक्कम करतात, ते खरोखर फायद्याचे ठरते का?

फायद्याचे ठरते, असेच माझे मत आहे. मात्र हा फायदा करारावरच्या आकड्यावरून मोजता येत नाही. तो मोजण्यासाठी आधी राखीव खेळाडूंच्या जागांचा हिशेब पाहावा लागतो.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, २०२० पासून संघाच्या मुख्य यादीत २६ खेळाडू असतात आणि हंगामाचा बहुतेक काळ त्यांतले जास्तीत जास्त १३ पिचर (चेंडू टाकणारे) असू शकतात. संघ ही मर्यादा सहसा पुरेपूर वापरतात. उरलेल्या १३ जणांपैकी नऊ जण फलंदाजीच्या क्रमात असतात, म्हणजे बाकावर बसायला चारच उरतात. त्यांतला एक दुसरा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) असतो आणि त्याला शक्यतो हात लावला जात नाही, कारण मैदानावरचा कॅचर जायबंदी झाला तर त्याच्या जागी उभे राहू शकेल असे दुसरे कोणी नसते. राहिले तिघे. त्यात नियम असा, की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे एकच काम येणारा राखीव खेळाडू कितीही कमी पैशांत मिळाला तरी महागच पडतो, आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा), सेकंड बेस (बेस म्हणजे धावताना क्रमाने गाठायचे टप्पे), आउटफिल्ड (मैदानाचा दूरचा भाग) अशा तिन्ही ठिकाणी उभा राहणारा, वर चपळ धावणारा खेळाडू दुप्पट पैसे देऊनही परवडतो.

लॉस एंजेलिस डॉजर्सने जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम हे-सोंगशी केलेला करार याचे उत्तम उदाहरण आहे. तीन वर्षांसाठी १ कोटी २५ लाख डॉलर ही रक्कम आपल्याला डोळे विस्फारायला लावणारी असली, तरी त्या संघाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ होती. याखेरीज किमच्या जुन्या संघाला, किवूम हीरोजला, कराराच्या रकमेच्या २० टक्के म्हणजे २५ लाख डॉलर द्यावे लागले. कोरियन लीगमध्ये त्याने २०२१ मध्ये शॉर्टस्टॉप म्हणून आणि पुढची तीन वर्षे सेकंड बेसवर गोल्डन ग्लोव्ह (त्या त्या जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवला होता. तरीही सराव सामन्यांत त्याची बॅट चालली नाही, तेव्हा डॉजर्सने त्याला फलंदाजीचे तंत्र सुधारण्यासाठी ओक्लाहोमा सिटीच्या मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या) संघात पाठवून दिले. माझ्या मते या व्यवहाराचे खरे मर्म इथेच आहे. मेजर लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळलेल्या अनुभवी खेळाडूला असे खाली धाडता येत नाही. त्याला यादीत ठेवा, नाहीतर सोडून द्या, एवढेच पर्याय उरतात. मे महिन्यात संघातल्या टॉमी एडमनचा घोटा दुखावला तेव्हा किमला वर बोलावण्यात आले. एडमन परतल्यावर किम पुन्हा खाली जाईल असे वाटत असताना संघाने त्यालाच ठेवले आणि चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार असलेल्या क्रिस टेलरला मोकळे केले.

पुढे ऑक्टोबरमध्ये बाद फेरीतल्या फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला चौथा सामना ११ व्या डावापर्यंत लांबला. एडमन फटका मारून पहिल्या बेसवर पोहोचला आणि त्याच्या जागी धावण्यासाठी किमला पाठवले गेले. सहकारी मॅक्स मन्सीच्या फटक्यावर किम पहिल्या बेसवरून थेट तिसऱ्यावर पोहोचला. मग दोन बाद आणि तिन्ही बेस भरलेले असताना डॉजर्सच्या अँडी पाहेसने मारलेला चेंडू फिलाडेल्फियाचा पिचर ओरायन केरकरिंग याच्या हातून निसटला; पहिल्या बेसकडे फेकण्याऐवजी त्याने घाईत होम प्लेटकडे (जिथे पोहोचल्यावर धाव पूर्ण होते) फेकलेला चेंडू भलतीकडेच गेला आणि किमच्या धावेवर डॉजर्सने सामना व मालिका दोन्ही जिंकल्या. किमने त्या सामन्यात बॅट हातातही घेतली नव्हती. राखीव खेळाडूची किंमत ती हीच, आणि ती वर्षाच्या आकडेवारीत जवळजवळ दिसतच नाही.

दुसरा मार्ग कॅरिबियन बेटांतून आणि व्हेनेझुएलातून जातो. तिथे १६ वर्षे वयापासून मुलांशी करार करता येतो. प्रत्येक संघाला अशा करारांसाठी वार्षिक रक्कम ठरवून दिलेली असते, पण १० हजार डॉलरपर्यंतचे बोनस त्या मर्यादेत धरले जात नाहीत. पुढे मोठे तारे ठरलेल्या दोघांपैकी होसे अल्टुवेला ह्यूस्टनच्या संघाने १५ हजार डॉलरमध्ये घेतले, तर होसे रामिरेझला क्लीव्हलंडच्या संघाने ५० हजारांत. रामिरेझचे उदाहरण आपल्या प्रश्नाशी अधिक जुळते: २०१३ मध्ये तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो दुसऱ्याच्या बदल्यात धावण्यासाठी, आणि २०१६ मध्ये सहकारी मायकेल ब्रँटली जायबंदी असल्याने लेफ्ट फील्ड (आउटफिल्डची डावी बाजू) सांभाळून मग तिसऱ्या बेसवर स्थिरावला. परंतु अशी नावे पाहून हुरळून जाऊ नये. सोळा वर्षांचा मुलगा मेजर लीगपर्यंत पोहोचायला बहुधा पाच-सहा वर्षे लागतात आणि बहुसंख्य मुले तिथवर पोहोचतच नाहीत. त्यामुळे पुढच्या हंगामाचा बाक भरायचा असेल तर या वाटेचा उपयोग नाही. शिवाय ती मुले शाळा सोडून या खेळामागे लागतात आणि संघांच्या या स्वस्ताईचा मोठा भार त्यांची घरे उचलतात, हेही नमूद करायला हवे.

आपल्याकडे आयपीएलच्या अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणून परदेशी खेळाडूला केवळ राखीव म्हणून घेताना फ्रँचायझी हात आखडता घेतात. मेजर लीगमध्ये अशी मर्यादा नाही. २५ वर्षे पूर्ण केलेला आणि परदेशी व्यावसायिक लीगमध्ये सहा हंगाम खेळलेला खेळाडू तर वर सांगितलेल्या वार्षिक रकमेच्याही बाहेर राहतो. किम त्याच गटातला. म्हणूनच मध्यम ऐपतीच्या एखाद्या संघाने मला सल्ला विचारलाच (विचारणार कोण म्हणा!), तर मी त्याला अमेरिकेतला उतरणीला लागलेला नावाजलेला खेळाडू घेण्यापेक्षा कोरियातला किंवा जपानमधला पंचविशी-सत्ताविशीचा, इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या भागात) दोन-तीन जागा सांभाळणारा खेळाडू घ्यायला सांगेन. मात्र करारात एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी: त्याच्या संमतीवाचून त्याला मायनर लीगमध्ये पाठवता येते की नाही. ती मुभा नसेल, तर पहिल्या दोन महिन्यांत त्याची बॅट चालली नाही की बाकावरच्या चारपैकी एक जागा अडकून पडते.