घर विरोधात असताना

बाळा, रविवारी उपासनेनंतर मासुंदा तलावाच्या काठी तू म्हणालास, "काका, अख्खं घर एका बाजूला आणि मी एकटा." ख्रिस्तावरच्या तुझ्या विश्वासाला घरचा विरोध आहे, तेव्हापासून तेच मनात आहे.

बायबलमधल्या 'शास्ते' पुस्तकाचा 6 वा अध्याय सावकाश वाच. इस्राएली गिदोन शत्रूच्या, मिद्यानी लोकांच्या, भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि देवदूताने त्यालाच बलवान वीर म्हटलं! बआल या दैवताची वेदी मोडायची देवाची आज्ञा झाली, तेव्हाही घरच्यांना नि गावाला घाबरून त्याने ते काम रात्री केलं. त्याबद्दल देव त्याला रागावला नाही. मला तर हा भाग पुढे त्याने फक्त 300 माणसांनिशी मिळवलेल्या विजयाहून जवळचा वाटतो.

पण यातून घरातल्या देव्हाऱ्याला हात लावायचा अर्थ काढू नकोस. आईशी वाद घालू नकोस, तिची कामं आधीपेक्षा जास्त कर. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. वेळ लागतो रे.

बुधवारी प्रार्थनेला ये. सात वाजता मी ठाणे स्टेशनबाहेर थांबतो, सोबत जाऊ.