वकीलकाकांना विचारा : अर्जेंटिनाचे वकीलसाहेब

प्रश्न : काका, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्ल्डकपला आमच्या पेठेत जिकडंतिकडं अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्या नादात त्या देशाबद्दल वाचत गेले आणि राउल अल्फोन्सिन हे नाव सापडलं. वकील माणूस, राष्ट्राध्यक्ष झाले, लष्करशहांवर खटला चालवला. पण पुढं दोनच वर्षांत लष्करातल्या बाकीच्यांना वाचवणारे कायदेपण त्यांनीच केले. मग यांना मोठं म्हणायचं की नाही?
– एक विद्यार्थिनी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पोरी, मी तर मोठं म्हणतो. पण तू विचारलेली गोष्ट खरी आहे, ती झाकून मोठं म्हणण्यात अर्थ नाही.

जन्म १९२७ चा, चास्कोमुस नावाच्या गावातला. १९५० ला वकिलीची डिग्री, मग रॅडिकल पक्षातून गावच्या कौन्सिलपासून राजकारणाला सुरुवात. हे सगळं आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या वकिलासारखंच. खरी परीक्षा २४ मार्च १९७६ नंतर, लष्करानं सत्ता घेतल्यावर. रात्री घरातनं माणसं उचलून न्यायची आणि नंतर कुणी विचारलं तर आमच्याकडं असा माणूसच नाही म्हणून सांगायचं, असा तो सगळा प्रकार. तेव्हा हे गृहस्थ हेबियस कॉर्पसचे अर्ज टाकत होते, म्हणजे माणूस कोर्टापुढं हजर करा म्हणून. असले अर्ज बहुतेक फेटाळलेच जायचे, तरी टाकायचे, आणि टाकणाऱ्या वकिलांपैकी कितीतरी जण स्वतःच गायब झाले हे लक्षात घे. त्याआधी १९७५ च्या डिसेंबरातच मानवी हक्कांसाठी एक कायमस्वरूपी संघटना उभी करण्यात पण ते होते.

आता तारीख बघ. तिकडं मार्च १९७६, आणि इकडं २८ एप्रिल १९७६ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं जबलपूर केसमध्ये सांगितलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पस मागता येणार नाही, चार विरुद्ध एक, एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे. मी तेव्हा नुकती सनद घेतलेली. आमच्या सीनियरनी पेपरातली ती बातमी वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी पक्षकारांना उद्या या म्हणून परत पाठवलं. पंचेचाळीस-पन्नास वर्षं झाली तरी तो चष्मा डोळ्यापुढनं जात नाही. म्हणून मला अल्फोन्सिन यांचे ते फेटाळलेले अर्ज पुढच्या राष्ट्राध्यक्षपदापेक्षा मोठे वाटतात.

फुटबॉलचं निघालं म्हणून सांगतो. १९७८ चा वर्ल्डकप अर्जेंटिनातच झाला आणि जिंकला त्यांनी. ज्या स्टेडियमवर फायनल झाली तिथनं जवळच नौदलाच्या मेकॅनिक स्कूलमध्ये पकडून आणलेल्या लोकांचा छळ चालायचा, आणि स्टेडियममधला गोलचा आवाज आत कोंडलेल्यांना ऐकू यायचा. शाहू स्टेडियमवरचा गोल झाल्यावरचा आवाज तू ऐकला असशील, त्यावरनं काय ते समज.

१९८२ ला ब्रिटनबरोबरच्या फॉकलंड बेटांच्या युद्धात हरल्यावर लष्कराचा दरारा गेला आणि निवडणूक लावायची वेळ आली, तर जाता जाता १९८३ च्या सप्टेंबरात लष्करानं स्वतःच स्वतःला माफी देणारा कायदा करून टाकला. समोरचे पेरोनवादी, म्हणजे जुने राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या पक्षाचे, उमेदवार म्हणत होते की हा कायदा आता बदलता येणार नाही, अल्फोन्सिन म्हणाले मी रद्द करणार. सभांमध्ये ते राज्यघटनेची प्रास्ताविका पाठ म्हणायचे आणि लोक सोबत म्हणायचे. ३० ऑक्टोबरला जवळपास ५२ टक्के मतं घेऊन निवडून आले, १० डिसेंबरला शपथ घेतली आणि नव्या संसदेनं तो माफीचा कायदा त्याच महिन्यात रद्द केला. शोध घ्यायला आयोग नेमला, अध्यक्ष कादंबरीकार एर्नेस्तो साबातो, त्यांच्या अहवालात ८,९६१ बेपत्ता माणसांची नोंद झाली.

नऊ लष्करशहांवरचा हा खटला आधी लष्करी कोर्टाकडं होता, त्यांनी नुसता वेळ काढला, मग ब्युनोस आयर्सच्या बिगरलष्करी अपील कोर्टानं तो स्वतःकडं ओढून घेतला. २२ एप्रिल १९८५ ला सुरू झाला, आठशेच्या वर साक्षीदार, सरकारी वकील हुलिओ स्ट्रासेरा. टीव्हीवर रोज थोडीशीच चित्रं दाखवायचे आणि तीपण आवाजाशिवाय. ९ डिसेंबरला निकाल लागला, लष्करप्रमुख राहिलेले विदेला आणि नौदलप्रमुख राहिलेले मसेरा दोघांना जन्मठेप, तिघांना कमी शिक्षा, चौघे सुटले. चौघे सुटले हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण शिक्षा आधी ठरवून बसवलेलं कोर्ट असतं तर नऊच्या नऊ गेले असते.

आता तुझा मुद्दा. खालच्या अधिकाऱ्यांवर केसेस वाढत गेल्या तसं लष्कर बिथरलं. १९८६ च्या डिसेंबरात नव्या केसेसना ६० दिवसांची मुदत घालणारा कायदा आला, मग १९८७ च्या ईस्टरला लष्करातल्या एका गटानं बंड केलं. चौकात लाखो लोक जमलेले, अल्फोन्सिन त्यांना थांबा म्हणून सांगून हेलिकॉप्टरनं बंडखोरांकडं गेले आणि परत येऊन म्हणाले, ईस्टरच्या शुभेच्छा, घरात सगळं व्यवस्थित आहे. जूनमध्ये हुकूम पाळणाऱ्यांना शिक्षा नाही असा कायदा झाला. हुकूम देणारे, मर्यादा ओलांडणारे आणि नुसते पाळणारे वेगळे धरायचे हे ते प्रचारातपण बोलले होते हे खरं, पण ज्या आईचा पोरगा गेला तिला हे कसं पटणार? मला स्वतःलाच ते दोन्ही कायदे पटत नाहीत. चुकलेच ते तिथं. फक्त त्या रविवारी कुणाचं रक्त सांडलं नाही आणि सरकार टिकलं, हेपण त्याच पारड्यात घालायला लागतं. पुढं २००५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले आणि खटले परत सुरू झाले.

महागाई मात्र त्यांना आवरली नाही. १९८९ ला भाव दिवसागणिक बदलत होते, दुकानं लुटली गेली आणि पाच महिने आधीच खुर्ची सोडावी लागली. ३१ मार्च २००९ ला गेले.

आणि १९८६ ला मॅराडोनाची टीम कप घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर आली तेव्हा सज्जा त्यांनी खेळाडूंना सोडला, स्वतः पुढं आले नाहीत. हे तुझ्या पेठेतल्या पोरांना जरूर सांग.

प्रश्न : हेबियस कॉर्पस कोण करू शकतं? वकीलच लागतो का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : धरून नेलेल्या माणसासाठी बायको, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतं, साध्या पत्रावरपण कोर्टानं दखल घेतल्याची उदाहरणं आहेत. पूर्वी अशा अर्जासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायला लागायची. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, त्यामुळं सकाळी घरातनं जेवून निघालात तरी चालतंय.